परातीतला समुद्र

पेणला समुद्र आहे का, हा प्रश्न इथे जन्म काढलेल्या माणसाला सहसा पडत नाही. मलाही पडला नव्हता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दादरहून बहिणीची दोन मुले आली, थोरली सातवीतली आणि धाकटा चौथीतला. हातपाय धुऊन होतात न होतात तोच भाचीने विचारले, "मामा, पेणला समुद्र आहे?"

"छे! समुद्र अलिबागला," मी म्हणालो. "आपल्याकडे गणपती, पापड आणि पोहे."

तिचे तोंड एवढेसे झाले. शाळेने सुट्टीत 'समुद्र' या विषयावर काहीतरी करून आणायला सांगितले होते आणि सोबत एक चकचकीत पुस्तिकाही होती. 'घरच्या घरी समुद्र' असा तिच्यात एक धडा. बाटलीत अर्धे तेल, अर्धे पाणी, चिमूटभर निळा रंग आणि वर चमकी. बाटली आडवी करून हलवली की झाल्या लाटा! मी मराठीचा प्राध्यापक. विज्ञानाचा नि माझा संबंध मॅट्रिकच्या निकालाबरोबर संपला. तरीही ती बाटली पाहून वाटले, हिच्यात समुद्र तेवढा सोडून बाकी सारे आहे. तेल पाण्यात मिसळत नाही हे ती शिकवते, पण ते शिकायला फोडणीची वाटी पुरेशी आहे.

तेवढ्यात मागच्या दारी मावशींची हाक आली. या मावशी खारेपाटातल्या. वर्षानुवर्षे आमच्याकडे मासळी घालतात. पाटी उतरवली तो तळाला चार कोळंब्या आणि मूठभर बोंबील. सौभाग्यवतींनी नाक मुरडले.

"आज भांग हाय वयनी, मावरा कुठला?" मावशी म्हणाल्या.

"भांग म्हणजे?" भाचीचा प्रश्न.

केसांतला एक भांग आणि लोट्यातली एक भांग, एवढी दोनच मी वर्गात शिकवीत आलो. तिसरा भांग खाडीचा. अष्टमी-नवमीच्या सुमारास भरती-ओहोटी मंदावते, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही, तो भांग. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची जोराची भरती ते उधाण. खाडीच्या तोंडाशी डोलीची जाळी रोवतात ती पाण्याच्या ओढीवर मासळी पकडतात. ओढ नाही, तर मासळी नाही. त्या दिवशी आश्विन वद्य नवमी होती. पाटीतल्या त्या चार कोळंब्या चंद्रानेच मोजून पाठवल्या होत्या म्हणा ना!

"म्हणजे समुद्र आहे की," भाची म्हणाली, "मावशींच्या पाटीतून आला."

मला उत्तर सुचले नाही, कारण तिचे बरोबर होते. गावापासून थोड्या अंतरावर अंतोरा बंदर आहे. भोगावती पुढे धरमतरच्या खाडीला मिळते आणि दिवसातून दोनदा समुद्र त्या वाटेने आमच्या भेटीला येऊन जातो. एके काळी पेणचा माल याच पाण्यावरून उधाण साधून मुंबईला जाई. रस्ते झाले, गाड्या आल्या आणि आम्ही खाडीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच.

मग निळ्या रंगाची बाटली राहिली बाजूला. दुसऱ्या दिवशी आम्ही एक बांबू घेतला, त्यावर वीतवीत अंतरावर तेलरंगाचे पट्टे मारले, आणि बंदराच्या जुन्या दगडी कडेला तो सुंभाने घट्ट बांधून आलो. (खाडीचा चिखल गुडघ्यापर्यंत गिळतो. मुलांना एकट्याने तिथे धाडू नये, आणि थोरांनीही दगडावरूनच पाहावे.) वहीत तीनच रकाने: तिथी, पाणी सर्वांत चढले ती वेळ, आणि पट्टा.

वेळ आधी ठाऊक कशी व्हायची? आजकाल मोबाइलवर मुंबई बंदराची भरती मिनिटासकट कळते. पण मावशींपाशी मोबाइलच्याही आधीचे साधन आहे. तिथीची पाऊणपट करा, झाली भरतीची वेळ. नवमी म्हणजे नऊ पाऊणे पावणेसात, सकाळी आणि संध्याकाळीही. द्वादशीला नऊ वाजता. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी घोकली त्या पिढीला हे गणित श्वासासारखे होते. माझ्या आजोबांना पाऊणकी पाठ होती, मला ती नुसत्या नावाने माहीत आहे, आणि माझ्या भाच्याला ते एखाद्या मिठाईचे नाव वाटले.

पण दोन दिवसांतच त्याने एक खोडी काढली. "मामा, अमावास्या म्हणजे पंधरा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पण मोबाइलवर तर बाराच्या आसपास दाखवतंय." मावशींचा हिशेब चुकला की काय? कागद घेऊन बसलो. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे मागे राहतो, म्हणून भरतीही रोज तेवढी उशिरा येते. पंधरा दिवसांत तिने बारा तासांचा फेरा पुरा करायचा, म्हणजे एका तिथीला तासाचे चार पंचमांश, अठ्ठेचाळीस मिनिटे. पाऊण म्हणजे पंचेचाळीस. रोजची ती तीन मिनिटे साचत साचत अमावास्येला पाऊण तास होतात. पण होडीत उभ्या असलेल्या माणसाला चार पंचमांशाने गुणायला कोण सांगणार? पाऊणकी तोंडपाठ होती, ती वापरली. आमच्या बांबूवर तर मुंबईच्या वेळेहूनही पाणी मागाहून चढे. मावशींना विचारले तर म्हणाल्या, "पानी चालत येतंय ना सर, त्येला वाट काय थोडी हाय?" धरमतरच्या तोंडापासून अंतोऱ्यापर्यंतची वाट भरतीच्या लाटेला खरेच चालावी लागते. पुस्तकातली वेळ, तोंडी हिशेबातली वेळ आणि बांबूवरची वेळ अशा तिन्ही वेगळ्या निघाल्या, आणि प्रत्येक फरकाला कारण होते. मुलांना यात जो आनंद झाला तो चमकीच्या बाटलीने झाला नसता, एवढे मी खात्रीने सांगतो.

भरती काही चोवीस तास बघायची नसते. मधल्या वेळात स्वयंपाकघर होतेच.

पहिला मान अंड्याचा. एका पेल्यात दोनशे मिलिलिटर पाणी घेतले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी पस्तीस ग्रॅम क्षार असतात, तेव्हा पेल्याला सात ग्रॅम, म्हणजे चहाचा सव्वा चमचा मीठ. घातले, ढवळले, ताजे अंडे सोडले. समुद्रात अंडे तरंगणार, अशी मुलांनी पैज मारलेली. अंडे बुडाले! मग मीठ वाढवीत गेलो, आणि चौथ्या चमच्याच्या सुमारास ते तळ सोडून हळूहळू वर आले. आपला समुद्र अंडे तरंगवण्याइतका खारट नाही. मृत समुद्र आहे. त्याच्या पाण्यात हिशेबाने तिसरा हिस्सा क्षारच असतात. अंडे मात्र ताजे हवे. शिळ्या अंड्यात हवा वाढते आणि ते लवकर वर येते, मग सगळा हिशेब बिघडतो. कोकणातला शेतकरी हाच प्रयोग बियाण्यावर करतो, हे मला मावशींच्या नातवाने सांगितले. भात पेरण्यापूर्वी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतायचे. पोचट दाणे वर येतात ते काढून टाकायचे, भरलेले तळाशी राहतात ते गोड पाण्याने धुऊन पेरायचे. तीन टक्के मीठ, म्हणजे जवळजवळ समुद्रच की!

हा नातू सहावीत. तोवर आजीबरोबर येऊन दाराशी उभा राहत असे, त्या दिवसापासून आत येऊ लागला.

दुसरा प्रयोग परातीचा. बंदरावरून लिटरभर पाणी आणले, फडक्यातून गाळले आणि मोडीत द्यायला काढलेल्या परातीत घालून गच्चीवर ठेवले. (चांगली परात देऊ नये. आमच्या घरी हे वाक्य तीनदा बजावले गेले.) आश्विनातले ऊन कडक, तीन दिवसांत परात पांढरी झाली. भिंगातून पाहिले तर मिठाचे नेमके चौकोनी खडे, जणू कोणी साच्यातून काढलेले. त्यांच्या भोवती आधी बसलेली पांढरी पापुद्र्यासारखी पूड, ती चुन्याच्या जातीची. आणि काही केल्या न वाळणारा ओलसर चिकट भाग, तो मॅग्नेशियमच्या क्षारांचा. तो हवेतले पाणी ओढून घेतो आणि चवीला कडू असतो. अर्थात चव पाहायची नाही. खाडीच्या पाण्यात काय काय येते ते आपण जाणतोच. मिठागरात मीठ धरले की हे उरलेले कडू पाणी काढून टाकतात. आमच्या आगरी लोकांचे नावच मुळी आगरावरून, मिठाच्या आगरावरून, आले असे म्हणतात. १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा वि. स. खांडेकर तिथल्याच शाळेत शिक्षक होते, हे भाचीला सांगितल्यावाचून माझ्यातल्या मराठीच्या मास्तराला राहवले नाही. तिने नम्रपणे ऐकून घेतले आणि वजनकाटा मागितला.

पस्तीस ग्रॅम म्हणजे बरोबर तीन तोळे. आमच्या परातीत निघाले दोन तोळ्यांना जरा कमीच. कुठे गेले बाकीचे? पाऊस नुकता सरला होता, भोगावतीचे गोडे पाणी अजून खाडीत उतरत होते. हीच परात वैशाखात ठेवली तर तोळा वाढलेला दिसेल. मुंबईच्या वाचकांनी दादरच्या चौपाटीचे पाणी आणून तिथले वजन करून पाहावे; हा उद्योग काही पेणचा मक्ता नव्हे.

तिसरा प्रयोग मला स्वतःला सर्वांत आवडला, आणि त्याला साहित्य खास पेणचे: गणपतीच्या कारखान्यातली मूठभर शाडू. दोन सारख्या पेल्यांत गाळलेले पाणी, दोहोंत अर्धा अर्धा चमचा शाडूची पूड, एकात वर सव्वा चमचा मीठ. ढवळून ठेवले. मिठाचा पेला जेवणे आटोपेतो वरून निवळू लागला. बिनमिठाचा दुसऱ्या दिवशी सकाळीही गढूळ! मातीचे अतिबारीक कण एकमेकांना दूर लोटीत असतात म्हणून ते पाण्यात तरंगत राहतात. मिठाने ती दूर लोटण्याची शक्ती मावळते, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. डोंगरावरून आलेली नदी खाऱ्या पाण्याला भेटते तिथे नेमके हेच होते. खाडीच्या काठी एवढा चिखल का, याचे एक कारण त्या पेल्यात बसलेले होते. लहानपणापासून त्या चिखलाला नावे ठेवीत आलो, त्याच्याबद्दल मला त्या रात्री प्रथमच आदर वाटला.

चौथा प्रयोग सौभाग्यवतींचा. तोही त्यांनी प्रयोग म्हणून केला नव्हता. दिवाळीनंतरच्या बिरड्यासाठी वाल भिजत घातले होते. त्यांतले मूठभर भाचीने मागून घेतले आणि तीन वाट्या मांडल्या. पहिलीत साधे पाणी, दुसरीत समुद्राच्या निम्मे मीठ, तिसरीत पुरता समुद्र. पाणी उपसून वाल त्याच त्याच पाण्याने ओलावलेल्या फडक्यात बांधले. तिसऱ्या दिवशी पहिल्या पुरचुंडीतून मोड डोकावत होते, दुसरीत एखाद-दुसरा बिचकत, तिसरीत काहीच नाही.

या प्रयोगाला थोर वंशावळ आहे. १८५५ साली इंग्लंडातल्या डाऊन गावी चार्ल्स डार्विनने आपल्या घरी खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांतून बिया भिजत ठेवल्या होत्या. दूरच्या बेटांवर झाडे पोचली कशी, ती समुद्रातून वाहत गेली असतील काय, हे त्याला पाहायचे होते. सत्त्याऐंशी जातींपैकी चौसष्ट जाती अठ्ठावीस दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही, पेरल्यावर उगवल्या. काही तर एकशेसदतीस दिवसांनंतरही. हूकर नावाच्या त्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला हे होईलसे वाटत नव्हते, आणि डार्विनची मुले बापाला सारखी विचारीत की तुम्ही हूकरसाहेबांना हरवणार ना? गंमत पुढेच आहे. बहुतेक बिया पाण्यात बुडतात, मग त्या वाहत जाणार कशा, हे ध्यानात आल्यावर एवढी खटपट फुकट गेली म्हणून डार्विन त्याच हूकरपाशी कुरकुरला. नारळी पौर्णिमेला खाडीत सोडलेला नारळ तरंगत जातो हे आमच्या मावशींनी त्याला आनंदाने सांगितले असते.

मी ही गोष्ट रंगात येऊन सांगत होतो. भाचा-भाची हसत होती. मावशींचा नातू मात्र तिसऱ्या पुरचुंडीकडे पाहत होता. तो म्हणाला, "आमच्या शेताचं असंच झालंय."

खारेपाट हा शब्द आम्ही पेणकर सहज वापरतो, पण त्याचा अर्थ फारसा मनावर घेत नाही. पेणच्या पश्चिमेची ही भातशेती उधाणाच्या पातळीहून सखल आहे. समुद्र आणि भात यांच्यामध्ये उभा असतो तो मातीचा बांध; त्याला बाहेरकाठा म्हणतात. पिढ्यान्पिढ्यांपूर्वी लोकांनी खाजणाला बांध घालून ही जमीन समुद्राकडून मिळवली. पुढे तिच्यासाठी १९४८ साली आणि पुन्हा १९७९ साली खास कायदे झाले. पावसाचे पाणी बाहेर सोडायला बांधात उघाडी असते. तिची झडप अशी बसवलेली की ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते आणि भरतीला बाहेरच्या रेट्याने आपोआप मिटते. (पुठ्ठ्याचे खोके, त्याला एक भोक आणि बाहेरून वरच्या कडेला चिकटवलेला रबराचा तुकडा, एवढ्यावर मुलांनी ती करून पाहिली. न्हाणीघरात पूर आला, पण झडप मिटली.) आणि बांध फुटला की त्या फुटीला म्हणतात खांड. एका उधाणाला त्यांच्या शेताजवळ खांड गेली. ती बुजता बुजता तीन पावसाळे गेले, आणि बुजली तीही पुढच्या उधाणाला पुन्हा गेली. बाप आता वडखळला कामावर जातो. आजी सांगते की पूर्वी तिथे राता पिकायचा, काळा राता आणि भुरा राता, खारेपण सोसणारे लाल तांदूळ. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' अशा जाती त्याच कामासाठी काढल्या आहेत. पण कोणताही भात रोज दोनदा समुद्र पिऊन जगत नाही.

हे सारे तो कसलाही आव न आणता सांगत होता, भाचीने शाळेचे वेळापत्रक सांगावे तसे. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग भाचीनेच विचारले, "माती धुतली तर?"

धनत्रयोदशीच्या गडबडीत आम्ही तीन कुंड्या भरल्या. एकीत साधी माती. उरलेल्या दोहोंत समुद्राइतके खारे पाणी मुरवलेली. त्यांपैकी एक कुंडी वरून गोडे पाणी घालून धुऊन काढली. एक तांबा ओतायचा, खालच्या भोकातून पूर्ण निथळू द्यायचा, मग दुसरा. निथळलेल्या प्रत्येक पाण्याचा एक थेंब काचेवर वाळवला. पहिल्या थेंबाचा डाग पांढराशुभ्र, तिसऱ्याचा फिका, पाचव्याचा शोधावा लागला. तेव्हा तिन्ही कुंड्यांत मोडाचे वाल लावले.

मधल्या काळात दिवाळी झाली. बांबूवरचे पाणी रोज चढत होते. लक्ष्मीपूजनाला अमावास्या, तेव्हा सर्वांत वरचा पट्टा त्या दिवशी बुडणार असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो बुडाला नाही. पाडव्याला पाणी आणखी चढले आणि भाऊबीजेला पट्टा बुडाला. चंद्रसूर्य एका रेषेत येतात ते अमावास्येला, पण उधाणाचा कळस येतो मागाहून एक-दोन दिवसांनी. ऊन डोक्यावर बाराला येते आणि उकाडा दोन-तीनला सर्वांत जास्त होतो, तसेच काहीसे. मावशींच्या हे गावीही होते, पण त्यांना कोणी विचारले नव्हते. त्या दिवशी पाटी भरलेली होती, पण भाऊबीजेचा बेत गोडाचा. सौभाग्यवती पाटीकडे पाहून नुसत्या हळहळल्या.

पंचमीला मुले दादरला गेली. वही आणि भिंगातून काढलेल्या मिठाच्या खड्यांची चित्रे घेऊन गेली, कुंड्या मागे राहिल्या. अष्टमीला मावशींचा नातू त्या बघायला आला. साध्या कुंडीत पाच कोंब, खाऱ्या कुंडीत शून्य, धुतलेल्या कुंडीत दोन. त्याने ते दोन कोंब बोटाने हळूच हलवून पाहिले, खरे आहेत की नाही ते. मग म्हणाला, "सर, एका कुंडीला पाच तांबे, तर आमच्या वीस गुंठ्यांना किती?"

बसलो कागद घेऊन. कुंडीचे तोंड वीस सेंटिमीटरचे, तांबा पाऊण लिटरचा. पाच तांबे म्हणजे कुंडीवर सुमारे बारा सेंटिमीटर उंच पाणी. शेतावरही तेवढेच उंच पाणी उभे राहून मुरले आणि निथळले पाहिजे. कुंडीतली माती भुसभुशीत आणि खाजणाची चिकट, तेव्हा शेताला बाराचे चोवीस, छत्तीस, अगदी शंभर सेंटिमीटर धर, मी म्हणालो. पेणला एका पावसाळ्यात पाऊस पडतो तो तीन हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे तीनशे सेंटिमीटर.

तो आकड्यांकडे बघत राहिला. "म्हंजे पाऊस पुरतोय."

"पुरतोय."

"मग खांड तेवढी भरून टिकली पायजे."

आतून सौभाग्यवतींनी बिरडे तयार झाल्याची वर्दी दिली. मी घड्याळाकडे पाहिले. आठ पाऊणे सहा, अंतोऱ्याला आणखी उशिरा. त्यांच्या वाटेवर उधाणात पाणी येते हे मला आता ठाऊक झाले होते, म्हणून विचारले, "रस्ता बुडायच्या आत निघायला हवं ना रे तुला?"

"आज भांग हाय सर," तो म्हणाला आणि पाटावर बसला.